फिटरला किती इंग्रजी लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या आयटीआयत तुम्ही नव्याने रुजू झालात, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि वेल्डर या तीन ट्रेडच्या मुलांना एम्प्लॉयबिलिटी स्किल्स शिकवता. मुलं जवळजवळ सगळी मराठी माध्यमाची. प्राचार्यांनी ‘कामाच्या ठिकाणचं इंग्रजी’ असा ६० तासांचा जोड-अभ्यासक्रम बसवायला सांगितलाय. आणि तुम्ही विचारता, सुरुवात व्याकरणापासून करू की संभाषणापासून?

दोन्हीपासून नको. कागदांपासून करा.

हे मी मोठ्या शहाणपणाने सांगत नाही, चुकून शिकलोय म्हणून सांगतो. पहिली सहा-सात वर्षं मीही संभाषणं घेत होतो. ‘विमानतळावर’, ‘हॉटेलात’, ‘मित्राच्या वाढदिवसाला’. वेल्डरच्या मुलांकडून मी हॉटेलात खोली बुक करून घ्यायचो! मुलं हसत-खेळत करायची, मलाही बरं वाटायचं. मग एक दिवस एक जुना विद्यार्थी भेटायला आला, एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलेला. इकडचं-तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाला, ‘‘सर, डेव्हिएशन म्हणजे काय हो?’’ मी सांगितलं, ठरलेल्या मापापासून किंवा पद्धतीपासून पडलेला फरक. तो गप्प झाला. तीन महिने तो रोज एका तक्त्याखाली सही करत होता, आणि त्या तक्त्यातल्या एका रकान्याच्या डोक्यावर हा शब्द होता. तो रकाना तो रोज ‘निल’ म्हणून भरायचा, कारण त्याच्या आधीच्या मुलाने तसा भरलेला होता. त्या संध्याकाळी मी माझी हॉटेलची संभाषणं कपाटात टाकली.

तेव्हा पहिलं काम वर्गात नाही, वर्गाबाहेर आहे. तुमच्या भागातली एमआयडीसी कुठलीही असो, सातपूर, वाळूज, चाकण, गोकुळ शिरगाव, तिथे तुमचे माजी विद्यार्थी आहेत. त्यांना गाठा आणि एकच विचारा: ‘‘काल दिवसभरात तुझ्यासमोर इंग्रजी कुठे कुठे आलं?’’ ‘‘इंग्रजीची अडचण येते का?’’ असं विचारलंत तर सगळे ‘हो सर, बोलता येत नाही’ म्हणतील आणि तुम्ही पुन्हा संभाषणाकडे वळाल. ‘कुठे आलं’ असं विचारलंत की वेगळंच चित्र दिसतं.

शॉप फ्लोअरवर बोलणं चालतं मराठीत आणि हिंदीत. शेजारच्या मशीनवरचा बिहारचा किंवा ओडिशाचा असतो, सुपरवायझर सांगलीचा असतो, कुणी कुणाशी इंग्रजी बोलत नाही. इंग्रजी असतं कडेकडेला: जॉब कार्डवर, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, मशीनच्या पडद्यावर, एसओपीच्या (काम कसं करायचं त्या ठरवून दिलेल्या कृतीच्या) लॅमिनेट केलेल्या पानावर, शिफ्टच्या रजिस्टरात, वर्क परमिटमध्ये (धोक्याच्या कामाच्या लेखी परवानगीत), गेट पासवर. ऑडिटच्या, म्हणजे कामाच्या तपासणीच्या, दिवशी ते अचानक समोर येऊन उभं राहतं. म्हणजे वाचन सगळ्यात जास्त, लिहिणं थोडं पण रोज, ऐकणं अधूनमधून, बोलणं सगळ्यात कमी. बाजारातले बहुतेक अभ्यासक्रम याच्या बरोबर उलट्या क्रमाने वेळ देतात.

हे कागद गोळा करा. कोरे फॉर्म मागा, भरलेले नको. कंपन्यांना ते द्यायला हरकत नसते, आणि नाव झाकून झेरॉक्स काढायची म्हटलं की उरलेली हरकतही जाते. दहा-बारा कारखान्यांतले तीसेक कागद झाले की तुमचं पाठ्यपुस्तक तयार आहे. त्यात अशा गोष्टी सापडतील ज्या कुठल्याच इंग्रजीच्या पुस्तकात नसतात. उदाहरणार्थ ‘एन-जी’. म्हणजे ‘नो गुड’, नापास माल. जपानी पद्धतीने चालणाऱ्या कारखान्यांतून आणि त्यांच्या पुरवठादारांकडून हे अक्षरद्वय सगळीकडे पसरलंय. लाल बिनवर एन-जी, तपासणीच्या तक्त्यात एन-जी. डिक्शनरीत शोधणाऱ्या पोराला ते मिळत नाही.

रजिस्टरातल्या नोंदीही नीट बघा. पूर्ण वाक्य क्वचितच असतं. ‘स्पिंडल साउंड, मेंटेनन्स इन्फॉर्म्ड, अंडर ऑब्झर्व्हेशन.’ कर्ता नाही, ‘इज’ नाही, ‘द’ नाही, आणि नोंद चोख आहे. आपण इंग्रजीचे शिक्षक ‘पूर्ण वाक्यात उत्तर लिहा’ म्हणून जिवाचं रान करतो. इथे ते जरा आवरा. हा नोंदीचा लेखनप्रकार आहे, त्याचे स्वतःचे नियम आहेत: कुठे, काय झालं, कधीपासून, कुणाला सांगितलं, आता काय स्थिती आहे. या पाच गोष्टी असल्या की नोंद पास.

आता मुलांना काय येतं आणि काय येत नाही, याबद्दल. एक गैरसमज आधी काढून टाका: ही मुलं नवशिकी नाहीत. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या पोराने दहा वर्षं इंग्रजी शिकलंय आणि दहा वर्षं त्याला सांगितलं गेलंय की तुला ते येत नाही. त्याच्यापुढे पुन्हा ‘नाम म्हणजे काय’ काढलंत, तर पहिल्याच आठवड्यात तो शेवटच्या बाकावर जाऊन बसेल, आणि त्याचं चुकतंय असं मला तरी वाटत नाही.

शब्दांचं म्हणाल तर नामं त्याला भरपूर येतात, फक्त कानाने. बेअरिंग, गॅस्केट, कपलिंग, सर्किट, वॉशर हे त्याच्या मराठीतले शब्द आहेत. अडचण डोळ्यांची आहे. ‘टॉर्क’ हा शब्द शंभर वेळा उच्चारलेला मुलगा कागदावर तो शब्द बघून ‘टॉरक्यू’ वाचतो आणि हा काहीतरी नवीन प्रकार आहे असं समजून पुढे जातो. ‘गेज’चंही तेच, ते स्पेलिंग तर भल्याभल्यांना चकवतं. म्हणून पहिले काही तास मी कानातला शब्द आणि कागदावरचा शब्द यांची फक्त गाठ घालून देतो. वर्कशॉपमध्ये जायचं, वस्तू हातात घ्यायची, नाव बोलायचं, मग त्या नावाची चिठ्ठी ढिगातून शोधायची. कानस, शेगडा, पक्कड, पाना यांची इंग्रजी नावंही याच वेळी होऊन जातात. बालवाडीसारखं वाटेल. मुलांना वाटत नाही, कारण ओळख पटल्यावर ‘अरे, हे तर आपल्याला येतं’ असा जो भाव येतो, तो त्यांना इंग्रजीच्या तासाला फारसा आलेला नसतो.

क्रियापदांचा साठा मात्र कमी असतो. टाइटन, लूझन, अलाइन, ड्रेन, आयसोलेट, रिप्लेस, रिसेट, क्लॅम्प, डीबर. तुमच्या कागदांतून अशी पन्नास-साठ क्रियापदं निघतील. तेवढी पक्की झाली की एसओपीचं पान उघडतं.

पण खरी गोची याच्याही पुढे आहे. ती आहे बारक्या शब्दांत: अनलेस, अनटिल, बिफोर, विदाउट, एक्सेप्ट, ओन्ली. अपघात होतो तो या शब्दांच्या जागी. मी एक खेळ घेतो. वर्कशॉपमधून जुनं पुश बटण आणून टेबलावर ठेवतो. फळ्यावर लिहितो: ‘डू नॉट स्टार्ट द मशीन अनलेस द गार्ड इज क्लोज्ड.’ (गार्ड म्हणजे मशीनवरचं संरक्षक झाकण.) एकेक मुलगा पुढे येतो, मी त्याला एक कार्ड दाखवतो: ‘गार्ड क्लोज्ड’ किंवा ‘गार्ड ओपन’. त्याने बटण दाबायचं किंवा हात मागे घ्यायचा. पहिल्या फेरीत अर्धा वर्ग चुकतो. ‘डू नॉट’ हा एक नकार आणि ‘अनलेस’च्या पोटात दुसरा, दोघांत पोरगं अडकतं. पूर्वी मी ‘अनलेस म्हणजे इफ नॉट’ असं व्याकरण सांगायचो, त्याने गोंधळ वाढायचाच. मग एकदा वर्गातलाच एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, म्हणजे गार्ड लागल्याशिवाय मशीन चालू करू नका.’’ झालं! ‘ल्याशिवाय’ हा प्रत्यय मराठीत तयार बसलाय, पोरं तो रोज वापरतात. तेव्हापासून अनलेस म्हणजे ‘ल्याशिवाय’, आणि अनटिल म्हणजे ‘ईपर्यंत’: ‘प्रेशर शून्यावर येईपर्यंत उघडू नका.’ हेच ‘अनलेस’ ड्रॉइंगच्या कोपऱ्यातही बसलेलं असतं, ‘अनलेस अदरवाइज स्पेसिफाइड’ म्हणून. ‘वेगळं सांगितल्याशिवाय’. एका प्रत्ययात सुरक्षेचा फलक आणि ड्रॉइंग दोन्ही सुटतात.

जाता जाता: ‘इनफ्लेमेबल’. मुलांना शाळेत शिकवलेलं असतं की ‘इन’ लागला की अर्थ उलटा होतो. म्हणून ती या शब्दाचा अर्थ ‘न पेटणारं’ असा लावतात. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोन्हींचा अर्थ एकच, पेट घेणारं. हा एक शब्द पहिल्याच तासाला सांगून टाका. बाकी सगळं नंतर.

आता ज्यासाठी मला हा अभ्यासक्रम सगळ्यात मोलाचा वाटतो, ते सांगतो. फळ्यावर मराठीत एक वाक्य लिहा: ‘सहा नंबरचं मशीन बंद आहे.’ आणि विचारा, तू दुसऱ्या शिफ्टला आलायस, ही नोंद वाचलीस, काय करशील? एक म्हणतो चालू करीन. दुसरा म्हणतो मेंटेनन्सला फोन करीन. तिसरा म्हणतो हातच लावणार नाही. तिघंही बरोबर! आपलं ‘बंद’ फार ऐसपैस आहे. बटण बंद केलंय, मशीन बिघडलंय, माल नाही म्हणून उभं आहे, किंवा आत माणूस काम करतोय म्हणून कुलूप लावून ठेवलंय, या चारही गोष्टींना आपण ‘बंद’ म्हणतो. समोरासमोर असताना हे चालून जातं, कारण मान, हात आणि आवाज उरलेलं सांगतात. रजिस्टरात मान हलत नाही.

मग इंग्रजीत लिहायला सांगा. दहातले सहा जण लिहितील ‘मशीन इज क्लोज्ड’. इथे तास खरा सुरू होतो. स्विच ‘ऑफ’ असतो. मशीन ‘डाउन’ असतं किंवा ‘अंडर ब्रेकडाउन’. माल नसेल तर ‘आयडल’. कुलूप असेल तर ‘लॉक्ड आउट’. ‘क्लोज्ड’ असतो तो गार्ड, दार, व्हॉल्व्ह. एवढ्यात इलेक्ट्रिशियनचा एखादा हुशार पोरगा हात वर करतो: ‘‘सर, पण आमचं सर्किट क्लोज्ड असतं तेव्हा तर चालू असतं.’’ अगदी बरोबर. क्लोज्ड व्हॉल्व्हमधून काही वाहत नाही, क्लोज्ड सर्किटमधून वाहतं. ‘बंद’चं भाषांतर ‘क्लोज्ड’ करत राहिलेला मुलगा एखाद्या दिवशी जिवंत तारेला हात घालू शकतो. या एका शब्दावर मी दोन पूर्ण तास घालवतो आणि मला ते कधी जास्त वाटले नाहीत. आणि गंमत म्हणजे त्यानंतर मुलं मराठीतही ‘बंद’ म्हणताना थबकतात, ‘‘बंद म्हणजे, उभं आहे सर, माल नाही.’’

‘परवा’चं असंच. मागचा की पुढचा? बोलताना क्रियापदावरून कळतं, चिठ्ठीत ‘ऑइल परवा’ एवढंच असेल तर कळत नाही. तारीख लिहायची सवय लावा, विषय संपला.

दुसरी एक जागा आहे जिथे आपलं मराठी आपल्याला इंग्रजीत पाडतं. ऑडिटर विचारतो, ‘‘यू डिडन्ट चेक द ऑइल लेव्हल?’’ पोराने तपासलेलं नसतं. तो म्हणतो, ‘‘येस सर.’’ त्याच्या डोक्यात मराठी आहे: ‘नाही तपासलंस?’ ‘हो, नाही तपासलं.’ ऑडिटरच्या डोक्यात येतं, ‘तपासलं’. उलटही होतं: तपासलेलं असतं आणि पोरगा ‘नो सर’ म्हणून मोकळा होतो. यावर व्याकरण समजावत बसू नका, जहाजावरचा उपाय वापरा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांवरच्या बोलण्यासाठी ठरावीक वाक्यांचा एक संच स्वीकारला. आपल्या कोकणातली मर्चंट नेव्हीत जाणारी मुलं तो शिकतात. त्यात नियम असा, की नुसतं येस-नो म्हणायचं नाही, पाठोपाठ पूर्ण वाक्य बोलायचं. ‘येस, आय चेक्ड इट.’ ‘नो, आय डिड नॉट चेक इट.’ येस-नो चुकलं तरी पुढचं वाक्य सावरून घेतं. नोंदीत मी अर्धी वाक्यं चालवून घेतो, पण ऑडिटरसमोर पूर्ण वाक्याचा आग्रह धरतो, तो याच कारणासाठी.

त्याच संचात आकड्यांचाही नियम आहे. दीडशे सांगायचे तर ‘वन-फिफ्टी’ नाही, ‘वन-फाइव्ह-झिरो’, एकेक अंक सुटा. आवाजात ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखेच ऐकू येतात, म्हणून. तुमच्या मुलांना हा नियम दुप्पट उपयोगी आहे, कारण मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी बोलतो आणि वीस नंतर; इंग्रजीत उलट. भराभर आकडे सांगून लिहून घ्या, पंचवीसच्या जागी बावन्न लिहिणारी दोन-तीन मुलं प्रत्येक वर्गात निघतात. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात मी कुणाच्याच बाजूने नव्हतो, पण या बावन्नांची मला तेव्हा फार आठवण आली.) पार्ट नंबर, टॉलरन्स (मापात चालणारी सूट), फोन नंबर सगळं सुट्या अंकांत. ‘पॉइंट झिरो फाइव्ह’ आणि ‘पॉइंट फाइव्ह’ यांतला फरक तर मिलिमीटरमध्ये हातात धरून दाखवा. ज्या मुलाच्या घरी वडील अजून सुतात मोजतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याला हे शून्य किती महागात पडतं ते चट्कन कळतं.

आता ६० तासांची वाटणी. आठवड्याला दोन तास धरले तर तीस आठवडे. मी सहा तास शब्दांची डोळ्यांशी ओळख आणि फलक, चौदा तास एसओपी आणि बारके शब्द, सोळा तास नोंदी आणि चिठ्ठ्या लिहिणं, आठ तास आकडे आणि ड्रॉइंगवरच्या सूचना, सहा तास फोन आणि शिफ्ट सोपवताना बोलणं, चार तास मुलाखत, आणि सहा तास परीक्षेला, असा हिशेब धरतो. हा दगडावर कोरलेला नाही. वेल्डरला नोंदी कमी आणि परमिट जास्त. बाहेर जाऊन दुरुस्ती करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला सर्व्हिस रिपोर्ट जास्त, कारण गिऱ्हाइकाशी तो मराठीत बोलतो पण रिपोर्ट इंग्रजीत देतो. तुम्ही लिहिलं नाहीये, पण उद्या कोपाची, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ट्रेडची, मुलं तुमच्याकडे आली तर हा आराखडा तसाच लावू नका. त्यांना ईमेल आणि एक्सेलच्या रकान्यांची भाषा लागते, त्यांचे कागद वेगळे.

प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात हे लक्षात ठेवा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत महत्त्वाचं असं काही ठेवू नका जे पुन्हा येणारच नाही. एकेक कागद म्हणजे एकेक सुटा भाग ठेवलात, तर उशिरा आलेला मुलगा मधूनच चढू शकतो, एसटीसारखा. पायरीवर पायरी रचलेला अभ्यासक्रम पावसाळ्यात आणि सोयाबीनच्या काढणीत कोसळतो.

वेळेचं आणखी एक सांगतो. केंद्राच्या अभ्यासक्रमात एम्प्लॉयबिलिटी स्किल्सला पहिल्या वर्षी १२० तास आणि दोन वर्षांच्या ट्रेडला दुसऱ्या वर्षी ६० तास आहेत, आणि इंग्रजी हा त्यातला एक भाग. तुमचे ६० तास जोडाचे असले तरी ते एकटेच पुरणार नाहीत. पण एक जागा अशी आहे जिथे मुलं आधीच इंग्रजी लिहितात आणि कुणी त्याला इंग्रजी म्हणत नाही: प्रॅक्टिकलचं जर्नल. प्रत्येक जॉबची कृती पोरं इंग्रजीत लिहितात, म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलाच्या वहीतून उतरवतात, चुकांसकट. मी एका वहीत एकच चुकीचं स्पेलिंग चार बॅचेस मागे जाऊन शोधलंय. सगळं जर्नल स्वतःच्या शब्दांत लिहा म्हटलंत तर निदेशकही चिडतील आणि मुलंही. फक्त एवढं करा: महिन्यातून एका जॉबची कृती पाच ओळींत, न बघता, वर्कशॉपमध्ये उभं राहून लिहायची. उरलेली उतरवा खुशाल.

यासाठी ट्रेडच्या निदेशकांशी जमवून घ्यावं लागेल. आपण इंग्रजीवाले बऱ्याचदा स्टाफरूममध्ये बसतो आणि ते वर्कशॉपमध्ये. मध्ये एक न दिसणारी भिंत असते. एक महिना त्यांच्या प्रॅक्टिकलला जाऊन नुसते उभे राहा. लेथवर काय चाललंय ते त्यांनाच विचारा, मुलांसमोर विचारा. सरांनाही काही येत नाही, सरही विचारतात, हे मुलांनी बघितलेलं बरं असतं. मला स्वतःला वर्निअर वाचायला एका गटनिदेशकांनी शिकवलं, आणि बदल्यात त्यांच्या सूचनापत्रांचं इंग्रजी मी बघून द्यायचो.

वर्गात मराठी वापरायचं का? खुशाल. आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या चेन्नईच्या निमी संस्थेची ट्रेडची पुस्तकं मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. एकच धडा आधी मराठीत वाचा, मजकूर कळू द्या, मग इंग्रजी पान उघडा. मजकूर माहीत असला की भाषा निम्मी सोपी होते. आणि वर्गात शिकवण्याऐवजी सोडवायला द्या. १९७९ ते १९८४ या काळात इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत हेच करून पाहिलं होतं: वेळापत्रक, नकाशा असं काही देऊन त्यातलं कोडं सोडवायला लावायचं, लक्ष उत्तर काढण्याकडे, भाषा त्या ओघात. तुमच्या हातात तर मशीनचं मॅन्युअल आहे, त्याच्या शेवटी दोष, कारण आणि उपाय असा तक्ता असतो. दोष सांगा, पोरांना उपाय शोधू द्या. याहून चांगला धडा मला लिहिता येणार नाही.

मुलाखतीला चार तासच का, असं पालक विचारतील, प्राचार्यही विचारतील. ‘पोराला फाडफाड इंग्रजी आलं पाहिजे’ ही मागणी खरी आहे, तिची टिंगल करू नका. पण अप्रेंटिसच्या मुलाखतीत विचारतात ते ठरलेलं: नाव, गाव, ट्रेड, कुठला जॉब केलास, कुठलं मशीन चालवलंस, शिफ्टमध्ये येशील का. ‘मायसेल्फ’ने सुरू होणारं पाठ केलेलं भाषण सोडवून घ्या आणि त्याऐवजी प्रत्येकाला स्वतः केलेल्या एका जॉबबद्दल सहा वाक्यं बोलता येतील असं बघा, तो जॉब हातात धरून. हातात वस्तू असली की आवाज सुटतो. आणि मुलाखत घेणारा इंजिनिअर त्या सहा वाक्यांवर मराठीत उतरतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मुलांना आधीच सांगून ठेवतो.

राहिली परीक्षा. पन्नास मार्कांचा पेपर काढू नका. मी अशी घेतो: पहिल्या वर्षाच्या मुलाला वर्कशॉपमध्ये एक बिघाड दाखवायचा, साधाच, कुलंटची गळती किंवा सैल झालेला बेल्ट. त्याने नोंद लिहायची. ती नोंद दुसऱ्या वर्षाच्या मुलाच्या हातात द्यायची, ज्याने तो बिघाड पाहिलेला नाही. तो नोंद वाचून निघतो. योग्य मशीनपाशी गेला, योग्य जागी बोट ठेवलं, तर पैकीच्या पैकी. स्पेलिंगचे मार्क कापायचे नाहीत. चुकीच्या मशीनपाशी गेला तर नोंद लिहिणारा तिथेच कपाळावर हात मारतो आणि म्हणतो, ‘‘अरे, मशीन नंबरच राहिला.’’ पुढच्या वेळी राहत नाही.

एक शेवटचं, कारण तुम्हाला ते लागणार आहे. प्राचार्यांना अभ्यासक्रम ठरलेल्या नमुन्यात हवा असेल: उद्दिष्टं, घटक, तास, मूल्यमापन. द्या तसाच. ‘घटक ३: कार्यस्थळावरील लेखन कौशल्ये, १६ तास’ असं लिहा आणि मागे त्या तीस कागदांची फाइल जोडा. तपासणीला आलेले साहेब पहिलं पान बघतात. फाइल तुमच्या टेबलावर राहू द्या, आणि दर वर्षी मे महिन्यात दोन-तीन कारखान्यांत जाऊन त्यातले जुने झालेले फॉर्म बदलून आणा.